आधी डावा

माणिकप्पांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डावा उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"हा नाही अप्पा, तो," डॉक्टर म्हणाले.

"हाच."

"अहो, जेवता कोणत्या हातानं?"

"जेवतो त्या हातानं. पण कापायचा हाच."

डॉक्टरांनी श्रीशैलकडं पाहिलं. श्रीशैल माणिकप्पांचा थोरला, धाराशिवला मास्तर. आज रजा टाकून आई-वडलांना तामलवाडीहून तुळजापूरच्या या दवाखान्यात घेऊन आला होता. सोलापूरचे हाताचे डॉक्टर इथं गुरुवारी येतात, म्हणून गुरुवार. श्रीशैलनं आईकडं पाहिलं. गंगम्मा भिंतीवरचं हाताच्या हाडांचं चित्र बघत बसली होती. एरवी गिरणीचा पट्टा थांबेल पण गंगम्माचं तोंड थांबायचं नाही, असं दळणाला येणाऱ्या बायका म्हणत. आज मात्र तिनं मिठाची गुळणी धरली होती.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. माणूस घाईत होता, पण बोलायला चांगला होता. "मनगटात एक बोळ आहे. त्या बोळातनं नस बोटांकडं जाते. बोळावरचा पट्टा जाड झालाय आणि नस चेंगरलीय. आपण तो पट्टा कापायचा, नस मोकळी करायची. एवढंच काम. उजवी नस अजून बरी आहे. ती मोकळी झाली की बोटांना नीट कळायला लागेल. डाव्याचं दुखणं फार जुनं आहे. अंगठ्याखालचं मांस बघा कसं बसलंय. मुंग्या थांबतील, रात्रीची कळ थांबेल. पण बोटांना स्पर्श परत येईलच, असा शब्द मी देत नाही. आला तरी महिने जातील."

"म्हंजे येऊ बी शकतो."

"येऊ शकतो. नाहीसुद्धा."

"मग हाच."

श्रीशैलचा पारा चढला. "अप्पा, डॉक्टर मराठीतच सांगायलेत ना? जेवायचा हात सोडून डावा कशाला? त्या हातानं करता तरी काय तुम्ही?"

माणिकप्पांनी पोराकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी डावा हात टेबलावरून उचलला आणि सदऱ्याच्या आत, छातीपाशी नेला. तिथं चांदीची करडगी लोंबत होती, आणि करडगीत, वस्त्रात गुंडाळलेलं त्यांचं इष्टलिंग.

गंगम्माला एकदम श्रीशैलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लिंगायताच्या घरात वाढलेल्या पोरानं, डाव्या हातानं करता काय, असं विचारावं! पण त्याचं तरी काय चुकलं? नोकरी लागल्यापासून त्याचं स्वतःचं लिंग देवळीत ठेवलेलं होतं, सणासुदीला गळ्यात यायचं. रोज पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या हातावर लिंग घेऊन बसणारा बाप त्यानं लहानपणी बघितलेला. बघितलेलं माणूस विसरतं. केलेलं विसरत नाही.

"डावाच करा," गंगम्मा म्हणाली.

"अव्वा, तू पण?"

"व्हय. म्या पण."

डॉक्टर हसले. "घरात एकमत आहे म्हणायचं," असं म्हणून त्यांनी पुढच्या गुरुवारचं सांगितलं.

माणिकप्पांची गिरणी तामलवाडीत सगळ्यांत जुनी. आता ती धाकटा नंदीश चालवतो, पण दगडाला टाकी लावायचं काम परवापरवापर्यंत माणिकप्पांनी कुणाला करू दिलं नव्हतं. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग पीठ गरम पडतं, भाकरी तुटते. दगड उलटा पाडायचा, डाव्या हातात टाकी धरायची, उजव्या हातानं हातोडी हाणायची आणि सगळ्या दगडाला खडबडीत करायचं. जन्मभर हातोडीचा दणका टाकीतनं डाव्या हातात जिरत आला. हात आधी मुंग्यांनी भरायचा, मग झोपेतनं उठवायला लागला, आणि मग हळूहळू गप्प झाला. गप्प झालेल्या हाताची कुणी काळजी करत नाही. दुखत न्हाय ना, मग झालं तर.

हात गप्प झालाय हे कळलं ते श्रावणात. गंगम्मा बेलाची पानं घेऊन आतल्या खोलीच्या दारात आली, तेव्हा माणिकप्पा पूजेच्या शेवटाला आले होते. शेवटी ते डोळे मिटत, लग्न होऊन आली तेव्हापासून ती बघत आलेली. मधल्या बोटांच्या मुळाशी लिंग, बोटं थोडी वळलेली, हात डोळ्यांसमोर. आणि तिच्या डोळ्यांदेखत बोटं उलगडली, लिंग घरंगळलं आणि फरशीवर टक् असा आवाज झाला. माणिकप्पांनी डोळे उघडले ते त्या आवाजानं. पडल्याचं त्यांना कानानं कळलं, हातानं नाही.

त्यांनी लिंग उचललं, कपाळाला लावलं, पंच्यानं पुसलं, पुन्हा पुसलं. मग कुणी बघितलं का म्हणून दाराकडं मान वळवली. तोवर गंगम्मा भिंतीआड झाली होती. हातातली पानं तिनं चुरगाळून टाकली होती, हे तिला स्वयंपाकघरात गेल्यावर दिसलं.

माणिकप्पांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. त्यांचे आज्जा सांगायचे. कुणा एका म्हाताऱ्याच्या हातनं लिंग पडलं, त्यानं त्या दिवसापासून अन्नाला हात लावला नाही. लिंग पडलं म्हणजे प्राण पडला, पुढं नुसतं कुडीचं ओझं. गोष्ट खरी का खोटी, कोण बघायला गेलंय! पण माणिकप्पांनी ती लहानपणी ऐकली होती, आणि लहानपणी ऐकलेलं हाडात बसतं.

त्यांनी अन्न सोडलं नाही. अर्धं केलं. गिरणीची किल्ली नंदीशच्या हातात दिली, आणि दिली ती अशी, की परत मागायची नाही. पूजेला बसत, पण डोळे मिटायचं बंद झालं. लिंगावर नजर रोखून बसत, उघड्या दुकानावर एकट्यानं राखण करावी तसे. कुणी काही विचारलं तर म्हणत, "आता काय राहिलंय." त्यात रडगाणं नव्हतं. हिशेब मिटल्यासारखं सरळ बोलणं होतं, आणि गंगम्माला त्याचीच भीती वाटायची. एखादा आजार असता तर ती आजाराशी भांडली असती. हा माणूस आतल्या आत उठून चालला होता, आणि त्याला धरायला जागा नव्हती.

मठातल्या स्वामींना विचारलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती. पण विचारायचं म्हणजे पडलं हे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे म्या बघितलं हे आलं. माणिकप्पांना ते सोसलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली. इतके दिवस गप्प राहिली, की भीतीचंसुद्धा तिला काही वाटेनासं झालं. सकाळी भाकरी थापायची, अर्धी परत यायची, ती शेळीला घालायची.

हाताचं ऑपरेशन होतं हे श्रीशैलनं कुठंतरी ऐकलं आणि फोनवर सांगितलं. गंगम्माला वाटलं, म्हातारा झिडकारणार. तर माणिकप्पा फोन हातात घेऊन म्हणाले, "कधी जायचं?" किती दिवसांनी त्या माणसानं पुढचं काही विचारलं होतं.

पुढच्या गुरुवारी बाकावर जागा मिळेना. सगळी म्हातारी माणसं. कुणी मनगट चोळतंय, कुणी हात झटकतंय, एकाच्या हाताला पांढरं बँडेज. गंगम्मा एका काळ्यासावळ्या बाईशेजारी सरकून बसली. बाई भूमकडची, बानूबाई नाव, मेंढरं राखणाऱ्या घरातली.

"कोन्ता हात?" बानूबाईनं सुरुवातच केली.

"माजा न्हाय, मालकाचा. डावा."

"माजा हा झाला," बानूबाईनं उजवा तळवा पुढं केला. मधोमध बोटभर व्रण होता. "आता दुसरा. शेळीची धार काढाया बसलं की सडच हाती लागंना वो. हातात काय हाय ते बघून कळायचं. आमच्या सासूचं असंच झालं, ती हात पोटाशी धरून तशीच गेली. त्या वक्ताला म्हाताऱ्या माणसाचा हात कोण कापून घेत होतं? आता बघा, रांगच लागलीय. डाक्टरच म्हनला, आजी, आजकाल तुमच्याच वयाची गिऱ्हाइकं जास्ती."

"कळतं का आता?"

"ह्याला? कळतं की. लई न्हाय, पर दूध गरम का गार येवढं कळतं." मग ती थांबली. "तुमचे मालक डावरे हायेत व्हय?"

"न्हाय."

"मग डावा का आधी?"

पोटच्या पोराला जे सांगितलं नव्हतं, ते गंगम्मा परक्या बाईला सांगून बसली. "त्यांचा देव डाव्या हातावर बसतो. त्या हाताला आता देव कळंना."

बानूबाईनं यावर विचार केला. बाई विचार करताना तोंड चोखल्यासारखं करायची.

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "देवाचा हात आधी."

तेवढ्यात आत आवाज चढला. नर्स म्हणत होती, गळ्यातलं काढून ठेवा, आणि माणिकप्पा म्हणत होते, हे मेल्यावर बी निघत न्हाय, संगं पुरत्यात. गंगम्मा उठून दारापाशी गेली. डॉक्टर मध्ये पडले. "राहू द्या सिस्टर. हाताचं काम आहे, गळ्याचं नाही." माणिकप्पा आत गेले ते करडगी सदऱ्याच्या आत सरकवत, कुस्ती मारल्यासारखे.

फार वेळ लागला नाही. बाहेर आले ते डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळून.

"काय केलं?" गंगम्मानं विचारलं.

"डॉक्टर म्हनला, अप्पा, आधी हात बधीर करतो. म्या म्हनलं, तुमच्या आधी देवानंच केलाय, तुमी नुसतं कापा." आणि ते हसले. हसता हसता म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याबिगर दगडाला देवपण येत न्हाय म्हंत्यात. हितं टाकी धरनाऱ्यालाच घाव."

श्रीशैल गाडी काढायला गेला होता. गंगम्मा तिथंच उभी राहून नवऱ्याचं हसणं ऐकत राहिली. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

बँडेज होतं तोवर पूजा नव्हती. माणिकप्पा आंघोळ करून, विभूती लावून नुसते बसत आणि उजवा हात करडगीवर ठेवत. पण रात्री झोपू लागले. कळ गेली, मुंग्या गेल्या, पहिल्या आठवड्यातच गेल्या. श्रीशैलला केवढा आनंद झाला. फोनवर म्हणाला, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" जे तो कधीच म्हणाला नव्हता. गंगम्मानं त्याला म्हणू दिलं.

माणिकप्पा मात्र हाताबद्दल चकार शब्द काढत नव्हते. दुखतं का म्हटलं की न्हाय. बोटं हलतात का म्हटलं की हलवून दाखवत. कळतं का, हे गंगम्मानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फक्त एकदा ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "त्या दिवशी कळंल."

"कोन्त्या दिवशी?"

"पूजेच्या."

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला आतल्या खोलीतनं हाक मारली. गिरणी अजून सुरू व्हायची होती. माणिकप्पा पाटावर बसले होते, समोर पाण्याचा तांब्या, विभूती, बेल. करडगी उघडून मांडीवर होती. वस्त्राची गाठ मात्र सुटत नव्हती. बोटं आखडलेली, तळव्यावरचा व्रण अजून लाल.

"तू सोड," ते म्हणाले.

"म्या?"

आपलं लिंग आपल्याच हातावर, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. नवरा-बायकोतसुद्धा नाही. तिचं स्वतःचं तिच्या गळ्यात होतं. जन्म एका घरात गेला, पण त्यांच्या लिंगाला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

"मग काय श्रीशैलला बलावू?" माणिकप्पा म्हणाले. "सोड, आन् हितं ठेव." त्यांनी डावा हात पुढं केला. "म्या डोळे मिटून बघणार हाय. कळलं तर कळलं."

"आन् न्हाय कळलं तर?"

त्यांनी डोळे मिटले.

गंगम्मानं हात धुतले, पदराला पुसले, कपाळाला विभूती लावली. गुडघ्यावर बसून वस्त्राची गाठ दातांनी सैल करावी लागली. एकावर एक घड्या निघाल्या आणि लिंग तिच्या तळहातावर आलं. काळंभोर, गुळगुळीत, गार. तिला वाटलं होतं जड असेल. हलकं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस जेवण टाकून बसला, असं तिच्या मनात आलं आणि तिनं मनातल्या मनात माफी मागितली. मग समोर बघितलं. माणिकप्पांचा हात हवेत होता. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते. ओठ आत ओढलेले. परीक्षेला बसलेल्या पोराचं तोंड असतं, तसं तोंड झालं होतं त्या म्हाताऱ्याचं.

"हां," माणिकप्पा म्हणाले. "टेकलं."

लिंग तिच्याच हातात होतं.

"कळतंय गं. जड लागतंय. कळतंय मला." मिटल्या डोळ्यांच्या कडांतनं पाणी आलं आणि गालाच्या सुरकुतीत अडकलं.

गंगम्मा हलली नाही. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिनं तो गिळला. तिनं श्वास धरला, हात खाली आणला आणि मधल्या बोटांच्या मुळाशी, अगदी हलकेच, लिंग ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पापणी नाही, ओठ नाही. बोटं आधी होती तशीच राहिली, आणि लिंग किंचित कलंडलं. तिनं झटकन आपला उजवा हात त्यांच्या हाताखाली सरकवला आणि तळहातानं तो खालून उचलून धरला.

"आता ऊब बी लागती," माणिकप्पा म्हणाले.

"लागंल की."

बराच वेळ ते तसेच बसले. ओट्यावर दळणाचे डबे ठेवल्याचे आवाज येऊ लागले. नंदीशनं गिरणी सुरू केली, भिंत थरथरायला लागली. गंगम्माचा गुडघा भरून आला, तरी तिनं पाय बदलला नाही. मग माणिकप्पांनी डोळे उघडले. समोर हातावर लिंग होतं, सरळ, जागच्या जागी. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"सोडून गेलं नव्हतं," ते म्हणाले.

"कुठं जाईल?"

"जखम वल्ली हाय, म्हनून खाली हात धरलास व्हय?"

"व्हय. जोर नगं याया."

"बरं केलंस," माणिकप्पा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली, आणि तिसऱ्या प्रहरी गिरणीवर जाऊन नंदीशला पीठ जाड पडतंय म्हणून झापलं. नंदीश आईकडं बघून हसला.

पुढच्या रविवारी पहाटेच श्रीशैलचा फोन आला. गंगम्मानं तो डाव्या हातानं उचलून कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. माणिकप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते.

"अव्वा, अप्पाच्या हाताला कळायला लागलं का गं?"

"लागलं."

"खरंच? डॉक्टर तर म्हणत होते, महिने जातील. मग आता उजव्याचं बघू या का? कधीचं विचारू?"

"मागनं फोन कर," ती हळूच म्हणाली. "माजा हात गुंतलाय."